एक उडाली आणि बसली

खंडेनवमीला आमच्या ग्वाल्हेरच्या घरी पाटावर मांडली जाणारी शस्त्रे आता मोजकीच उरली आहेत. दोन तलवारी, त्यांतल्या एकीची मूठ सैल झालेली, एक कट्यार, मग काकूची विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची कात्री, आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवून उभी केलेली आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, टू-टू (पॉइंट बावीस बोअरची) रायफल. गेल्या वर्षी मी पाटाभोवती रांगोळी घालत होते आणि काका सोवळ्यात उभे होते, तेव्हा त्यांचा पंधरा वर्षांचा नातू दाराशी थबकला. तो शाळेतर्फे एअर रायफलच्या सरावाला जातो. त्याने अगदी साधेपणाने विचारले, ‘‘अण्णा, ही रिकामी आहे हे कोणी पाहिलंय?’’ काका म्हणाले, ‘‘अरे, ही माझ्या तरुणपणापासून रिकामी आहे.’’ तो म्हणाला, ‘‘हो, पण उघडून कोणी पाहिलंय?’’ काकांनी रायफल उचलली, तिचे तोंड जाड दगडी भिंतीकडे केले आणि नळीखाली पुढच्या लाकडातून बाहेर आलेली बोटभर लोखंडी दांडी अंगठ्याने मागे दाबली. दांडी हलली नाही. त्यांनी तळहात लावून जोर दिला, तरीही ती हलली नाही. त्या वर्षी आमच्यापैकी कोणीही रायफलीला कुंकू लावले नाही. पूजा झाली, आरती झाली, आणि सगळा वेळ माझे लक्ष त्या काळ्या नळीच्या टोकाकडे होते. ज्या वस्तूजवळ बसून मी लहानपणी नैवेद्याच्या पुरणपोळीची वाट पाहिली होती, तिच्या पोटात काय आहे हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

रिकामी आहे, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून कोणी पाहिले नव्हते.

ही रायफल आमच्या घरात एका म्हणीच्या रूपाने जास्त वावरली आहे. कोणी मोठ्या उत्साहाने एखादे काम हाती घेतले आणि दुसऱ्याच दिवशी सोडून दिले, की आजी म्हणायची, ‘‘झालं, एक उडाली आणि बसली.’’ आत्यांनी ही म्हण आपापल्या सासरी नेली, आणि ती कोठून आली हे ठाऊक नसलेली माणसेही ती वापरू लागली. तिची गोष्ट अशी. आबा छोट्या गाडीच्या लोको शेडमध्ये होते. त्या काळी ग्वाल्हेरहून भिंडला, शिवपुरीला आणि जवळजवळ २०० किलोमीटरवरच्या श्योपुरला जाणारी ही दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी माधवराव महाराजांच्या हौसेतून उभी राहिली. त्या छोट्या इंजिनांच्या पोटातला आवाज नुसता ऐकून कोणता भाग झिजला आहे हे आबा सांगत, असे त्यांचे सोबती आम्हाला सांगायचे. एका सरदार घराण्यातील सामान विकायला निघाले तेव्हा त्यांनी ही रायफल घेतली, आणि तिच्याबरोबर काडतुसांची एक अर्धी डबीही मिळाली. पहिले वर्षभर ती घड्याळासारखी चालली, असे काका आजही सांगतात. पुढे डबी संपली, शहरातून नवी काडतुसे आणली, आणि शिवपुरीच्या वाटेवरच्या एका नातलगाच्या शेतावर, दहा-बारा पाहुण्यांच्या देखत आबांनी तितरांच्या थव्यावर रायफल रोखली. एक बार झाला आणि दुसरा झालाच नाही. पाहुण्यांत दरबारी वळणाची माणसे होती. त्यांच्यापैकी एकजण मोठ्याने हसला आणि म्हणाला, ‘‘लोको शेडवाल्यांची बंदूकसुद्धा सिग्नलची वाट बघते!’’ आबांनी रायफल खांद्याला अडकवली, घरी येऊन खुंटीला टांगली, आणि त्यानंतर ती कधीही हातात घेतली नाही. त्यांच्या उजव्या डोळ्याखाली दोन-तीन निळसर ठिपके होते. आम्ही मुले त्यांच्या मांडीवर बसून त्या ठिपक्यांना बोट लावायचो. ते कशाने आले, असे आम्ही विचारले की ते म्हणत, ‘‘जुने आहेत.’’

दसरा झाल्यावर काका आणि मी रायफल घेऊन शहराच्या मध्यातल्या बाड्याजवळच्या एका परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. आबांच्या मागे परवाना काकांच्या नावावर झाला आहे, त्यामुळे सोबत ते हवेतच. मी गेले ते माझ्या मनाला लागून राहिले होते म्हणून. आमच्या या भागात अशी दुकाने चालतात. बँकेचे पहारेकरी आपल्या बारा बोअरच्या दुनाळ्या घेऊन येतात, भिंड-मुरैन्याकडचे शेतकरी येतात, आणि निवडणूक जाहीर झाली की शस्त्र ठाण्यात जमा करण्याआधी तेलपाणी करून घ्यायला गर्दी होते. आमची रायफलही दर निवडणुकीला ठाण्यात जाऊन आली आहे. दस्त्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी घेऊन ती परत यायची आणि आम्ही ती तशीच कपाटात ठेवायचो. दुकानातले मिस्त्री सत्तरीच्या घरातले होते. त्यांनी आधी परवाना पाहिला, वहीत नंबर उतरवून घेतला, आणि मग रायफल हातात घेताच तिचे तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या पेटीकडे केले. ती किती वर्षे बंद आहे, हे त्यांनी विचारले. आत काडतूस आहे का, हे विचारलेच नाही. ‘‘जब तक खुली नहीं, तब तक भरी है,’’ एवढेच ते म्हणाले, आणि काकांनी मान खाली घातली.

त्यानंतरचा अर्धा तास मला फार जवळून आठवतो. मिस्त्रींनी सर्वप्रथम दस्त्यातले मॅगझिन काढायला घेतले. या रायफलीत काडतुसांची पितळी नळी दस्त्याच्या पोटात असते आणि ती मागच्या टोकाने बाहेर ओढायची असते. ती ओढताना दस्त्याच्या उजव्या बाजूच्या भोकातून, जिथून काडतुसे आत सोडतात तिथून, वाळलेली माती भुरभुरली. कुंभारमाशीने तिथे घर केले होते. मातीची ती कोरडी वाटोळी भिंत मिस्त्रींनी काडीने हलकेच फोडली. नळी बाहेर आली, आत काडतूस नव्हते. पण मॅगझिन रिकामे म्हणजे चेंबर, बार होताना काडतूस जिथे असते ती बंदुकीच्या नळीच्या मागच्या टोकाची पोकळी, रिकामे, असे नाही. मग त्यांनी एक गुळगुळीत लाकडी गज घेतला, स्वतः बाजूला उभे राहून तो बंदुकीच्या नळीच्या तोंडातून अगदी अलगद, हाताच्या वजनानेच, आत सोडला आणि जिथे तो थांबला तिथे तोंडाशी पेन्सिलीने खूण केली. गज बाहेर काढून त्यांनी तो नळीच्या बाहेरच्या अंगाला लावून धरला. चेंबरमध्ये जिवंत काडतूस असते, तर गज गोळीच्या टोकाला अडून बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्याच्या, तोंडापासून जवळजवळ एक इंच अलीकडे थांबला असता. गजाचे टोक तर जवळजवळ बोल्टपर्यंत पोहोचत होते. मिस्त्रींनी दोनदा मोजले, आणि मग पहिल्यांदा काकांना बसायला स्टूल दिले.

गोळी नव्हती.

तरीही ते निर्धास्त झाले नाहीत. रायफलीच्या मागच्या अंगाला एक खाचेदार गोल स्क्रू असतो. तो सोडवला की तिचे दोन भाग होतात, नळी आणि बोल्ट एकीकडे, दस्ता, चाप आणि आतला घोडा दुसरीकडे. घोडाच वेगळा झाला की मारायला काही उरत नाही. तो स्क्रू फिरवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि त्यांनी त्यावर एकदाही पक्कड लावली नाही. चामड्याचा तुकडा गुंडाळून, तेलाचा थेंब सोडून, थांबून, पुन्हा बोटांनी फिरवून त्यांनी तो सोडवला. माझ्या मनात आले की आबांनी छोट्या गाडीच्या इंजिनाचा नट असाच सोडवला असता. दोन भाग वेगळे झाल्यावर त्यांनी विजेरी धरून मला पुढच्या लाकडाच्या आत पाहायला सांगितले. या रायफलीचा बोल्ट दिसतो तेवढाच नसतो. त्याचे जड शेपूट नळीखाली, त्या लाकडाच्या पोटात पुढपर्यंत जाते, आणि टोकाला दिसणारी दांडी त्यालाच जोडलेली असते. लोखंड आणि लाकूड यांच्यामधली ती सगळी फट पिवळसर तपकिरी, काचेसारख्या चकाकणाऱ्या थराने भरून गेली होती. मिस्त्रींनी त्यावर नख मारले. त्याचा बारीक कपचा उडाला. त्यांनी तो चुरगाळून हुंगला आणि विचारले, ‘‘सरसों का तेल कौन लगाता था?’’

मी लावत होते. खंडेनवमीच्या सकाळी हे काम माझे असायचे. आजी वाटीत मोहरीचे तेल काढून द्यायची, जुन्या धोतराचा मऊ तुकडा द्यायची, आणि मी नळीवर वरून खाली हात फिरवत तेल लावायचे. जितके जास्त लावीन तितकी माझी माया जास्त, असे मला वाटायचे. नळी न्हाऊन निघेपर्यंत मी थांबत नसे. मग त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. रायफल भिंतीला टेकवून तोंड वर करून उभी असायची, त्यामुळे ते तेल हळूहळू ओघळून दांडीच्या फटीतून लाकडाच्या पोटात उतरत होते, आणि त्याबरोबर हळदकुंकवाची पूडही. शिवणयंत्राचे तेल वर्षानुवर्षे तेलच राहते. खाण्याचे तेल हवा लागून आधी चिकट होते, मग घट्ट होते आणि शेवटी त्याचा रोगणासारखा कडक थर बनतो. कढईच्या बाहेरच्या अंगाला जो चिवट पिवळा थर चढतो, तोच. मला हे स्वयंपाकघरात रोज दिसत होते, रायफलीच्या बाबतीत ते कधी सुचले नाही. मिस्त्रींनी रॉकेल थेंबथेंब सोडायला सुरुवात केली तेव्हा त्या रॉकेलच्या वासाखालून एक दुसरा, खवट, उग्र वास वर आला, आणि मला आजीच्या देवघरातली फरशी, माझे तेलकट तळवे आणि तिने ते पुसायला दिलेला पदर, हे सगळे एकदम आठवले. माझे लाड त्या लोखंडावर साचून बसले होते. मला वाईट वाटले, आणि तो वास संपू नये असेही वाटले.

मिस्त्रींनी रायफल ठेवून घेतली आणि आम्हाला पावती दिली. घाई करू नका, ठोकून हे निघणार नाही, ठोकले तर लाकूड चिरेल, असे त्यांनी बजावले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

आम्ही पोहोचलो तेव्हा हिरव्या बनातीवर नळीचा भाग आडवा ठेवला होता. मिस्त्रींनी दांडीवर तळहात ठेवला आणि आमच्याकडे पाहत ती दाबली. बोल्ट मागे सरकला. तो आवाज कोरडा आणि खोल होता, जुन्या तिजोरीचा खण सरकावा तसा. आम्हाला वाटले, संपले. पण त्यांनी विजेरी चेंबरवर धरली. आत कडेकडेने एक पितळी वर्तुळ चमकत होते. गज बोल्टपर्यंत पोहोचला होता, कारण त्याच्या वाटेत गोळी नव्हती. पण गोळी जिच्यातून निघून गेली ती रिकामी पुंगळी तिथेच होती, आणि गज तिच्या पोटात शिरून तिच्या तळाला टेकला होता. तिचा काठ एका जागी फाटला होता. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाने ती ओढायचा प्रयत्न केला होता, काठ तुटला आणि नख सुटले. मिस्त्रींनी नळीच्या तोंडातून लाकडी गज घातला, दोन हलक्या टिचक्या मारल्या, आणि ती पुंगळी बनातीवर पडली. ती सरळ नव्हती. मध्ये फुगली होती आणि एका बाजूने उभी चिरली होती, उकडताना शेंग उलते तशी. आबांचा तो एक बार हाच होता. शिवपुरीच्या वाटेवरच्या शेतातला, सगळ्यांच्या हसण्यातला, तो बार इतकी वर्षे आमच्या घरात अडकून राहिला होता.

मग मिस्त्रींनी जे दाखवले, त्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले आहे. त्यांनी आपल्या खणातून साध्या टू-टूची एक वापरलेली पुंगळी काढली आणि ती चेंबरमध्ये सोडली. ती आत गेली, आणि रायफल हलवल्यावर खुळखुळली. त्यांनी व्हर्निअर लावून मोजले. साध्या टू-टूच्या पुंगळीचा व्यास साधारण ५.७ मिलिमीटर, आणि चेंबरचा जवळजवळ ६.४. त्यांनी कापूस रॉकेलात बुडवून नळीवरची हळदीची आणि गंजाची पुटे पुसली आणि तिथे कोरलेली अक्षरे काकांना वाचायला लावली. बावीसचा आकडा होता, आणि त्याच्यासोबत ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द होता. काका म्हणाले, ‘‘हो, ऑटोमॅटिक आहे, ते आम्हाला ठाऊक आहे.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘साहब, ये बंदूक का नाम नहीं है। कारतूस का नाम है।’’

ही विंचेस्टरची १९०३ सालची रायफल. टी. सी. जॉन्सन या त्यांच्या अभियंत्याने ती घडवली, आणि ती १९३२ पर्यंत बनत राहिली. त्या काळात साध्या बावीसच्या काडतुसांत काळी दारू सर्रास असे. काळी दारू जळताना मागे पुष्कळ काजळी आणि राख सोडते. हाताने खटका ओढायच्या बंदुकीत ती चालून जाते, पण बाराच्याच जोरावर आपोआप चालणाऱ्या यंत्रात ती चार-दोन फैरींत सगळे जाम करते. म्हणून या रायफलीसाठी बिनधुराच्या दारूचे वेगळे काडतूस काढले, आणि काळ्या दारूचे काडतूस कोणी चुकून भरू नये म्हणून त्याचा आकारच वेगळा ठेवला. त्याचे नाव विंचेस्टर ऑटोमॅटिक. पुढे बिनधुराची दारू सगळीकडे रुळली, आणि १९३३ साली याच रायफलीचे नवे रूप आले तेव्हा ते साध्या टू-टूच्या, लाँग रायफल नावाच्या, काडतुसासाठी केले गेले. आमची त्याआधीची. तिच्याबरोबर आलेल्या अर्ध्या डबीत तिची स्वतःची काडतुसे होती, म्हणून ती पहिले वर्षभर घड्याळासारखी चालली.

या रायफलीत बोल्टला कोणतीही कडी नसते. बोल्टचे वजन आणि त्यामागची स्प्रिंग, एवढ्यावरच तो बंद राहतो. दारू पेटली की दाब गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीला मागे. पुंगळी बोल्टला रेटते, बोल्ट मागे जाता जाता तिला बाहेर टाकतो, घोडा चढवतो, आणि परत येताना नवे काडतूस घेऊन येतो. हे सगळे एका पातळ पितळी भिंतीवर अवलंबून असते. ती भिंत दाबाने किंचित फुगून चेंबरला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. चेंबर तिच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक सैल असेल, तर पितळ फुगता फुगता आपली मर्यादा ओलांडते आणि चिरते. मग काही वायू त्या चिरेतून निसटतो, बोल्टला पुरता धक्का बसत नाही, पुंगळी जागीच रुतून बसते, आणि निसटलेला तप्त वायू बोल्टच्या कडेने मागे येतो. तिथे नेम धरणाऱ्याचा गाल असतो. मिस्त्री हे सांगत होते तेव्हा काकांनी नकळत आपल्या उजव्या डोळ्याखाली बोट नेले.

परतताना काका खूप वेळ काही बोलले नाहीत. बाड्यावर टमटम थांबली, समोरच्या दुकानात कचोरी तळली जात होती, आणि ते एकदम म्हणाले, ‘‘आबांना कोणी सांगितलंच नाही गं. त्यांनी बावीसची मागितली, दुकानदारानं बावीसची दिली.’’ मला मात्र दुसरेच वाटत होते. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणाऱ्या माणसाने ती रायफल त्या संध्याकाळी उघडली का नाही? एक दिवस जरी ते तिच्याशी बसले असते, तरी त्यांनी पुंगळी पाहिली असती, चीर पाहिली असती, आणि त्यांच्यासारख्या माणसाला त्यातून सगळे कळले असते. पण पाहुण्यांचे ते हसू त्यांच्या आणि त्या यंत्राच्या मध्ये येऊन बसले. त्यांना वाटले, आपण फसलो. आजीला वाटले, रायफलच नाठाळ. आणि आम्ही मुलांनी तर त्याची म्हण केली. ती म्हण मी स्वतः किती वेळा वापरली आहे, माझ्या मुलीवर, एकदा तर खुद्द आबांसमोर. ते तेव्हा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. त्या क्षणभराच्या थांबण्याचा मी इतकी वर्षे विचारही केला नव्हता.

मिस्त्रींनी रायफल साफ करून, हलके यंत्राचे तेल देऊन परत केली आणि पावतीवर स्वच्छ अक्षरात लिहिले की हिच्यात साधी टू-टू घालू नये. तिच्या मापाच्या काडतुसांचे नियमित उत्पादन केव्हाच थांबले आहे, तेव्हा ती आता चालणार नाही. चालावी असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही नाही. पण ती आता उघडते. काकांचा नातू आला की काका तिचे तोंड भिंतीकडे करतात, दांडी दाबतात, आणि तो वाकून चेंबरमध्ये पाहतो, मगच ती कपाटात जाते.

यंदाच्या खंडेनवमीला काकूने सवयीने मोहरीच्या तेलाची वाटी पाटाजवळ आणून ठेवली. मी ती उचलून तलवारींकडे सरकवली आणि रायफलीच्या नळीवरून नुसते कोरडे फडके फिरवले. कुंकू दस्त्याच्या चामडी पट्ट्यावर लावले. काकांनी सोवळ्याच्या निरीतून एक कागदाची पुडी काढली, ती चिरलेली पुंगळी बाहेर काढली आणि रायफलीच्या पुढ्यात, विड्याच्या पानावर ठेवली. कोणी काही बोलले नाही. आरतीनंतर सर्वांनी अक्षता वाहिल्या, आणि त्यांतला एक दाणा घरंगळत जाऊन पुंगळीच्या चिरेत अडकला. पाट उचलताना मी तो काढायला गेले, तर काका म्हणाले, ‘‘राहू दे.’’